नाक थोडं जड

कागद साधा घे. गुळगुळीत नको,
वहीचाही नको, त्याला अंगच नसतं.
हा घे, माझ्या ऑफिसातला :
रद्द झालेल्या एका उड्डाणाची लोडशीट.
एकशे बेचाळीस माणसं, पुढच्या होल्डात दोन हजार किलो,
मागच्यात त्याहून जरा कमी,
आणि खाली माझी सही,
जी त्या रात्री कुणाच्याच कामी आली नाही.

आधी मधोमध घडी. नखानं दाब.
नखानं म्हटलं मी, तळव्यानं नाही.
ऋजुता, घाई केलीस तर एक पंख मोठा होईल
आणि विमान जन्मभर एकाच बाजूला वळत राहील,
तुझ्या बाबुकाकासारखं.
ती हसते. बाबुकाकाला तिनं एकदाच पाहिलंय,
तेही कुडाळच्या स्टेशनवर, पाठमोरं.

बाहेर जुलै. मुहर्रकच्या गल्लीत हवा अशी
की चष्मा दारातच आंधळा होतो.
म्हणून आमचं मैदान तिसऱ्या मजल्यावरचा पॅसेज :
अठ्ठावीस पावलं, सात दारं, एक मेलेली ट्यूबलाइट.
डोक्यावरून खरी विमानं इतकी खालून जातात
की आधी कपाटातल्या बशांना कळतं, मग आम्हाला.

आता दोन्ही कोपरे मधल्या रेघेला आण.
टोक आत दुमड. हो, पुन्हा एकदा.
वजन पुढं हवं.
तेरा वर्षं मी हेच करतोय,
किती माणसं, किती पेट्या, कुठं ठेवल्या
म्हणजे नाक उचलेल पण शेपटी बसणार नाही.
घोडे पाठवलेत मी, बहिरी ससाणे पाठवलेत,
एप्रिलात हापूसचे खोके उतरवून घेतलेत,
ज्यांचा वास नंतर दोन दिवस
हिशेबाच्या कागदांना येत राहायचा.
आणि महिन्यातून एखाददा, मागच्या होल्डात,
लाकडाची ती लांब पेटी,
जिचं वजन मी दोनदा तपासतो,
आकडा बरोबर असला तरी.
हे तिला सांगत नाही.
तिला सांगतो, टोकाला टाचणी लाव.
नको, टाचणी नको. क्लिप लाव.

पहिल्यांदा फेकलं : नाक खाली, सरळ फरशीवर.
दुसऱ्यांदा : तेच.
तिसऱ्यांदा मी फेकलं, जोर लावून,
वजनाचं सगळं गणित येणारा माणूस,
आणि ते घसरत घसरत जाऊन
तीनशे सहाच्या दाराखाली अडकलं, अर्धं आत.

तिथं कोण राहतं ते ठाऊक नाही.
रात्रपाळीचं कुणीतरी. दाराशी कधी चपलांचा जोड,
कधी पाण्याची रिकामी मोठी बाटली.
दुपारची वेळ, झोपलं असेल माणूस.
आम्ही बेल वाजवली नाही.

सकाळी विमान आमच्या उंबऱ्याशी होतं.
क्लिप काढून शेजारी ठेवलेली, सरळ रेषेत.
दोन्ही पंखांच्या मागच्या कडा
जराशा वर वळवलेल्या,
खाली मुगाचा दाणा मावेल एवढ्याच.
आणि माझ्या सहीजवळ पेन्सिलीनं एक बारीक बाण,
वरच्या दिशेनं.
कुठल्याच भाषेतला नव्हता तो.

ऋजुतानं दात न घासताच फेकलं.
मी सवयीनं दारं मोजत राहिलो.
मेलेल्या ट्यूबलाइटखाली ते एकदा दचकलं,
सावरलं,
तीनशे चार, तीनशे पाच,
तीनशे सहाशी जरा रेंगाळलं
(मला तसं वाटलं, खरंखोटं देव जाणे)
आणि शेवटच्या भिंतीला टेकलं. आपटलं नाही.

संध्याकाळी ती माझ्या पिशवीतून एक कोरा कागद घेऊन गेली
आणि गुडघ्यांवर बसून
तीनशे सहाच्या फटीतून आत सरकवून आली.
अगं, घडी तरी घालायचीस, मी म्हटलं.
म्हणाली, नको,
त्यांना पहिल्यापासून करू दे.